पोच घेतली का?

तुमच्या गावाचा मसणवटा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

नसेल. मलाही माहीत नव्हतं. माणूस घराचा उतारा काढतो, शेताचा काढतो, विहिरीची नोंद तपासतो. जिथे शेवटी जायचं, त्या जागेचा उतारा कोणी काढत नाही. आबांनी काढला होता. तहसीलच्या आवारात नवा माणूस भेटला, गाव विचारून झालं, की आबांचा पुढचा प्रश्न ठरलेला : "तुमच्या गावचा मसणवटा कोणत्या गटात हाय?" सकाळच्या पारी हे ऐकून माणसं दचकायची. एक जण तर भडकलाच होता. "ओ आबा, मी पोराच्या दाखल्यासाठी आलो, आन् तुम्ही मला कुठं धाडून राह्यले!" आबा चष्मा पुसत म्हणाले, "धाडत न्हाई बाबा. जायला रस्ता हाय का, तेवढं इचारलं."

आबा अर्जनवीस होते. जालना जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या तहसीलसमोर, कडुलिंबाखाली, ते चाळीसेक वर्षं बसले. एक पत्र्याची पेटी, तिच्यावर लिहायला प्लायवूडचा तुकडा, बसायला पोतं, बाजूला पाण्याचा माठ. जुनी माणसं अजून अर्जाला दरखास्त म्हणतात, म्हणून खेड्यापाड्यांत त्यांचं नाव दरखास्तवाले आबा. नात्याने ते माझ्या वडिलांचे चुलते. आमच्याच वस्तीत राहायचे, गोदावरीकडे उतरणाऱ्या ओढ्याच्या अलीकडे. गावाबाहेरच्या त्या वस्तीला सरकारी फलकावर वेगळं सुंदर नाव आहे. गावाच्या तोंडी काय आहे ते तुम्हाला सांगायला नको.

त्यांना कोणी "जयभीम आबा" म्हटलं, की ते म्हणत, "जयभीम. पोच घेतली का?" कशाची पोच, हे विचारायचं नाही. माणूस आहे म्हणजे त्याचा कुठेतरी अर्ज असणार, आणि अर्ज आहे म्हणजे दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. त्या शिक्क्याच्या प्रतीलाच पोच म्हणायचं. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात ते आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या हातात फुलं देताना म्हणाले, "लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत दिली का? पोच घेतली का?" नवरी हसायला लागली. आबा तिच्याकडे वळून म्हणाले, "हसून नको राहू बाई. उद्या हा न्हाई म्हणला तर काय दाखवशील, हारतुरे?"

मी पत्रकांवर वाढले. वडील गवंडी, आणि हाताला काम नसेल त्या दिवशी कार्यकर्ते. काम असेल त्या दिवशीही निम्मे कार्यकर्तेच. घरात माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदाचे. आई ती डब्याच्या तळाशी अंथरायची, भाकरी गुंडाळायची. शाळेत मुळाक्षरं पुरी व्हायच्या आत मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. मला वाटायचं, लिहिणं म्हणजे हेच. मोठी अक्षरं, ओळीच्या शेवटी एकापुढे एक तीन उद्गारचिन्हं, आणि खाली 'आपला नम्र' नाही, तर 'आपला लढाऊ'.

दहावीत असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. वस्तीत नळ नव्हता त्याबद्दल. वडिलांनी ते छापून आणलं आणि घरोघर वाटलं. वडिलांचे डोळे भरून आले होते, सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. आबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "चांगलं हाय. कोणाला लिवलं?"

"लोकांना."

"बरं. वाचून झाल्यावर लोकांनी उठून काय करायचं?"

मी म्हणाले, "पेटून उठायचं."

"पेटले. मंग? नळ कोण देतंय? कव्हापर्यंत? त्याच्या दारात कोणी जायचं, कोणत्या वारी?" आबांनी पत्रक परत माझ्या हातात दिलं. "आवाज लई मोठा हाय तुझा, पत्रकवाली. पर तू हाक मारून राह्यली आन् कोणाला ते सांगून न्हाई राह्यली."

त्या दिवसापासून मी पत्रकवाली झाले. राग आला होता. मी ठरवलं, की हा माणूस सरकारी कागद लिहून लिहून सरकारी झाला आहे. पुढे जालन्याला कॉलेजात गेले, कविता छापून आल्या, भाषणांत बक्षिसं मिळाली, तरी सुट्टीत गावी आले की मी त्यांच्या पोत्याच्या कडेला जाऊन बसायचे. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांच्याशी भांडायला, असं मी स्वतःला सांगायचे.

त्यांची पद्धत अशी. समोर आलेला माणूस रडत असेल, ओरडत असेल, तर आधी पाणी. तो पाणी पिऊन होईपर्यंत आबा पेनाचं टोपण काढत नसत. मग म्हणत, "काय झालं ते मागून सांगा. आदी काय पाह्यजे ते सांगा." निम्म्या माणसांना हेच सांगता यायचं नाही. झालेलं सगळं पाठ, पण पाहिजे काय, यावर अडायची. आबा थांबायचे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे तोवर चार छापील अर्ज खपलेले असायचे. तो चिडवायचा, "आबा, तुमचा एक होईपर्यंत माझे दहा होतात. रेडीमेड घ्या, नाव टाका, संपलं." आबा म्हणायचे, "रेडीमेड पायजमा चालतो रे. रेडीमेड दुखणं कुठं भेटतं?" लिहून झाल्यावर ते अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ज्याचा अर्ज तो माणूस "बराबर" म्हणेपर्यंत सही घ्यायचे नाहीत. "बराबर हाय वाटतं" म्हटलेलं चालायचं नाही. नुसतं "बराबर".

एकदा एक म्हातारी आली. रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नव्हता. तीन महिने धान्य नाही. यंत्राच्या लेखी ती नव्हतीच. मी तिथेच वही काढली आणि दोन पानं लिहिली : भुकेचं राजकारण, यंत्राची गुलामी, माणसाचं पुसलं जाणं. आबांनी वहीकडे पाहिलंही नाही. त्यांनी म्हातारीला पाणी दिलं आणि तिचा हात उजेडात धरून अंगठा निरखला.

"किती वर्सं झाली कापूस येचती?"

"लगीन व्हायच्या आदीपासून."

आबांनी लिहिलं : "माझा अंगठा काम करून झिजला आहे, म्हणून यंत्र मला ओळखत नाही. मी जिवंत आहे व आपल्यासमोर उभी आहे. नोंदवहीत अंगठा घेऊन मला माझे धान्य देण्याचा आदेश व्हावा."

वाचून दाखवल्यावर म्हातारीने विचारलं, "जित्ती हाय ते लिवलं का?"

"लिवलं."

"मंग बराबर." तिने शाईत अंगठा बुडवून टेकवला. कागदावर नुसता निळा ठिपका उमटला. एकही रेघ नाही. त्या ठिपक्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. महिन्याच्या आत तिला धान्य मिळालं. माझी दोन पानं अजून माझ्या वहीत आहेत. लाज वाटावी म्हणून ठेवली आहेत.

आता मसणवट्याचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

आमच्या वस्तीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यापलीकडच्या बरड तुकड्यावर जाळतात. तिथे जायची पायवाट गावातल्या बापूरावांच्या शेतातून जाते. उताऱ्यावर तो तुकडाही बापूरावांच्याच गटात आहे, 'पोटखराब' म्हणून. पोटखराब म्हणजे न पिकणारी जमीन. माझे आजोबा, पणजोबा, चार महिन्यांचा माझा भाऊ जिथे आहेत, ती जागा सरकारी कागदावर नुसती खराब आहे.

आबांची बायको, आम्ही तिला जिजी म्हणायचो, भर पावसाळ्यात गेली. मी तेव्हा तिसरीत होते. त्या वर्षी पायवाट नांगरून त्यावर कापूस लावला होता. बापूराव म्हणाले, पीक उभं आहे, तुडवू नका. माणसं ओढ्याच्या पात्रातून वळसा घालून गेली. लाकडं भिजली. आबा दिवसभर तिथे बसून होते, कारण जिजी लवकर जळेना. हे मला आईने सांगितलं. आबांनी कधी सांगितलं नाही. जिजीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला : जागेची स्मशानभूमी म्हणून नोंद व्हावी आणि वहिवाटीचा रस्ता मोकळा व्हावा. अर्धं पान. जिजीचं नावही त्यात नव्हतं.

तो अर्ज चौदा वर्षं टेबलांवरून फिरला. साहेब बदलले, कारकून बदलले, एकदा फाईल हरवली आणि आबांच्या पेटीतल्या पोचेमुळे सापडली. गेल्या उन्हाळ्यात अखेर नोटीस निघाली : अर्जदाराने पंधरा दिवसांत लेखी म्हणणे द्यावे. आणि त्याच आठवड्यात आबा माठाजवळ पाय घसरून पडले. खुबा मोडला. त्यांना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं.

मी नोटीस घेऊन गेले. त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या, पुठ्ठ्यावर कागद ठेवून, पेन्सिलीने अर्धं पान लिहिलं. गट क्रमांक, चारही बाजूंच्या हद्दी, वहिवाट माहीत असलेल्या पाच म्हाताऱ्यांची नावं. मग म्हणाले, "ह्याच्या दोन प्रती कर. खिडकीत दे. पोच घे. मंग घरी जा."

बसमध्ये मी तो कागद वाचला आणि मला संताप आला. एवढंच? चौदा वर्षांची वाट, जिजी, ओली लाकडं, आणि त्याचं हे? उत्तरेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट? मला वाटलं, म्हातारा थकला. हे काम आता माझं आहे. मी लिहायला बसले. बारा दिवस लिहीत होते. चार पानं झाली. आजही सांगते, त्यातली काही वाक्यं चांगली होती. पण ती चार पानं लिहिताना मला समोर तहसीलची खिडकी कधी दिसलीच नाही. दिसत होती ती पायरी, आणि पायरीवर उभी राहून वाचणारी मी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही मोर्चा काढला. वीस-पंचवीस माणसं, वडील पुढे. मी पायरीवर उभी राहून चारही पानं वाचली. बायका रडल्या. साहेब स्वतः बाहेर आले, निवेदन हातात घेतलं, कोणीतरी फोटो काढला. आवक खिडकीतला कारकूनसुद्धा बाहेर येऊन ऐकत होता. खिडकी रिकामी होती. मी तिकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात आबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "लई माणसं आल्ती. हा तुझा बाप. हे साहेब." मग विचारलं, "शिक्का कुठं हाय?"

"आबा, साहेबांनी स्वतःच्या हातात घेतलं."

"साहेबाची बदली व्हती पोरी. माझा कागद?"

तो माझ्या बॅगेत होता. मी तसं सांगितलं.

"तुझ्या कागदात गट नंबर हाय का?"

नव्हता. चार पानांत इतिहास होता, शाप होता, गट क्रमांक नव्हता. आबांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी खिडकीत होते. कारकून म्हणाला, "मुदत काल संपली ताई." मी म्हणाले, आम्ही काल निवेदन दिलं, तुम्ही स्वतः ऐकलंत. तो म्हणाला, "ऐकलं ना. भारी लिहिता तुम्ही. पण निवेदनं वेगळ्या गठ्ठ्यात जातात." महिन्याभराने आदेश आला : मुदतीत अर्जदाराचे म्हणणे प्राप्त न झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. एका वाक्यात चौदा वर्षं. त्या वाक्यात एकही जास्तीचा शब्द नव्हता.

आबांना घरी आणलं, पण ते उठले नाहीत. पावसाळा लागला. मला त्यांच्यासमोर जायचं धैर्य होईना, म्हणून मी पत्र लिहिलं. माफीचं, तीन पानी. ते नेऊन त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी मला समोर बसवून ते वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग विचारलं, "हे वाचून म्या काय करायचं?"

मला हुंदका फुटला. ते म्हणाले, "पाणी पी आदी." मी प्यायले. "आता लिव. काय केलं ते एका ओळीत. काय करणार ते दुसऱ्या ओळीत. तारीख घाल. दोन प्रती."

मी लिहिलं : "मी तुमचा कागद खिडकीत दिला नाही, स्वतःचा वाचला. मी नवा अर्ज देईन आणि निकाल लागेपर्यंत त्याच्यामागे राहीन." वाचून दाखवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. "बराबर," ते म्हणाले. मग पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' असं लिहून सही केली, खाली तारीख घातली. "घे. ही तुझी पोच. आता मला माफी-बिफी मागत बसू नको, तलाठ्याकडं जाय."

आमच्या तलाठ्याकडे तीन गावं आहेत. आमच्याकडे ते मंगळवारी येतात. नव्या अर्जाला ताजा उतारा लागत होता. मी मंगळवारची वाट बघत होते. आबा सोमवारी सकाळी गेले.

दुपारी आम्ही त्यांना घेऊन निघालो तेव्हा वाटेच्या तोंडाशी तार होती. नवी, काटेरी, सिमेंटच्या खांबांवर. पलीकडे कमरेएवढी कपाशी. बापूराव तिथेच उभे होते. मी त्यांना राक्षस करणार नाही; पत्रकात केलं होतं, इथे करणार नाही. त्यांनी तिरडीला हात जोडले. आबांना बघून त्यांचे डोळे पाणावले, हे मी पाहिलं. आणि मग त्यांनी खिशातून कागद काढला. निकाली काढल्याच्या आदेशाची प्रत. लॅमिनेट केलेली.

"मी काय कोणाला आडवत न्हाई," ते म्हणाले. "पर साहेबाचा कागद हाय. आबानंच शिकवलं मला, बापूराव, कागद हातचा सोडू नको. माझ्या शेतातल्या लायटीच्या डीपीचा अर्ज त्यांनीच लिवल्ता."

वडील ओरडायला लागले. माणसं तारेला भिडली. बापूरावांचे पुतणे पुढे सरसावले. तेवढ्यात बापूराव म्हणाले, "थांबा. मयत हाय. आजच्या दिवस जा तुम्ही, तार मी सोडतो. फक्त एक ओळ लिहून द्या, की माझ्या परवानगीनं चालले. गावकीत कोणी उद्या मला बोलाया नको." आणि ते माझ्याकडे वळले. "लिव बाई. तूच लिवतीस ना लई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी वही दिली, कोणीतरी पेन. वर आभाळ भरून आलं होतं. एक ओळ. परवानगीने गेलो, असं एकदा लिहून दिलं की वहिवाट संपते. मग उद्या कोणत्याही अर्जात हक्काने म्हणता येत नाही. हे मला आबांच्या पोत्यावर बसून बसून माहीत होतं. बाकी कोणाला माहीत नव्हतं. वडील म्हणाले, "लिव की! काय जातंय?" आई म्हणाली, "त्यांना पाण्यातून नेऊ नको गं. जिजीचं बघितलं मी."

मी वही मिटली. म्हणाले, "लिहिणार नाही."

आम्ही आबांना ओढ्यातून नेलं. पाणी मांड्यांपर्यंत होतं. मधोमध एकाचा पाय सटकला, तिरडी कलली, आणि आबांचा उजवा हात कापडातून सुटून पाण्याला लागला. तोच, लिहायचा. मी तो उचलून पुन्हा कापडात सारला. गार होता, आणि बोटाला अजून शाई होती. लाकडं ओलीच होती. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. आई नंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर केलं की नाही, हे मी रोज विचारते. आबांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे, असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी उतारा काढला. बॅगेतून आबांचा पेन्सिलीचा कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला, आणि उतरवून घेतला. वस्तीतल्या पाच साक्षीदारांपैकी चारच उरले होते; पाचवं नाव मी माझ्या आत्याचं घातलं. एकाच वाक्याची मी भर घातली : "दिनांक अमुक रोजी सदर रस्ता बंद असल्याने मृतदेह ओढ्याच्या पाण्यातून न्यावा लागला." त्यात आबांचं नाव नाही. ते वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. दहा दिवसांनी वस्तीत सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. वडील खाली मान घालून ऐकत होते. मग आईच म्हणाली, "बराबर."

खिडकीत कारकून म्हणाला, "ठेवून जा ताई, साहेब मीटिंगला आहेत." मी म्हणाले, पोच द्या. तो म्हणाला, शिक्का आतल्या टेबलावर आहे. मी म्हणाले, थांबते. दोन तास थांबले. बाहेर कडुलिंबाखाली पोतं नव्हतं; झेरॉक्सवाल्याने माठ मात्र भरून ठेवला होता. शिक्का मिळाला. आवक क्रमांक मिळाला. तो कागद मी आबांच्या पेटीत, त्यांच्या 'मिळाला'च्या शेजारी ठेवला. ती पेटी आता माझ्याकडे आहे.

प्रकरण अजून प्रलंबित आहे. तार अजून तिथेच आहे. मी हे लिहीत असताना आमच्या वस्तीत दोन माणसं आजारी आहेत.

मी आजही पत्रकं लिहिते. रागही गेलेला नाही, जाऊही नये. पण आता कागद पुरा झाला की मी आबांचा प्रश्न स्वतःला विचारते, आणि उत्तर सापडलं नाही तर कागद फाडते. म्हणून तुम्ही हे वाचून उठल्यावर काय करायचं, ते सांगते. तलाठी तुमच्या गावी कोणत्या वारी येतात, ते विचारून घ्या. त्या दिवशी जा आणि तुमच्या मसणवट्याचा उतारा मागा. तुमच्याच नव्हे, गावातल्या प्रत्येक वस्तीच्या मसणवट्याचा. ज्याची नोंद नसेल, ज्याला रस्ता नसेल, त्याच्यासाठी अर्ज लिहा. अर्धं पान पुरे. गट क्रमांक घाला, काय पाहिजे ते घाला. त्या वस्तीत जाऊन मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांनी "बराबर" म्हणेपर्यंत थांबा. मग दोन प्रती घेऊन तहसीलला जा.

आणि पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.